‘फक्त २३ हजार किलोमीटर!’ जुनी स्पोर्ट्स कार घेताना मीटरवरच्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा?

‘सिंगल ओनर. डॉक्टरांची गाडी. कायम गॅरेजमध्ये. २५ वर्षांत फक्त २३ हजार किलोमीटर.’ सोबत लाल रंगाच्या, दोन सीटच्या, चकाचक गाडीचे आठ फोटो. फेसबुक मार्केटप्लेस किंवा व्हॉट्सअॅप ग्रुपवर अशी जाहिरात आली की दहा मिनिटांत ती शेअर होते आणि तासाभरात कुणीतरी टोकन पाठवून मोकळाही होतो.

आता थोडं गणित करू. २५ वर्षांत २३ हजार म्हणजे वर्षाला ९२० किलोमीटर, दिवसाला जेमतेम अडीच. बदलापूर ते सीएसएमटी हे रेल्वेचं अंतर ६८ किलोमीटर, जाऊन-येऊन १३६. म्हणजे ही गाडी वर्षातून सात वेळा मुंबईला जाऊन आली असती, तरी आकडा संपला असता.

हे शक्य आहे का? उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात तरी शक्य आहे. इथला नोकरदार लोकलनं जातो. हौसेनं घेतलेली गाडी सोसायटीच्या आवारात उभी राहते आणि रविवारी किंवा लग्नकार्याला बाहेर निघते. त्यामुळे कमी आकडा दिसला की लगेच ‘फसवणूक’ म्हणायचं कारण नाही. पण आकडा खरा निघाला तरी प्रश्न संपत नाही. उलट इथून तो सुरू होतो. गाडी धावली नाही, तर ती इतकी वर्षं उभी कुठे होती?

आधी हे समजून घ्या: ‘क्लासिक’ म्हणजे नेमकं काय?

जाहिरातीत ‘क्लासिक’, ‘व्हिंटेज’, ‘कलेक्टर्स आयटम’ हे शब्द सर्रास वापरले जातात. कायद्यात मात्र ‘व्हिंटेज’ची व्याख्या ठरलेली आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं जुलै २०२१ मध्ये काढलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली, मूळ स्वरूपात जपलेली आणि मोठे फेरबदल न केलेली दुचाकी किंवा चारचाकीच व्हिंटेज ठरते. तिच्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये आहे, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात आणि ती रोजच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी रस्त्यावर आणता येत नाही.

याचा सरळ अर्थ असा की १९९८ ची किंवा २००४ ची गाडी कितीही देखणी असली, तरी कायद्याच्या नजरेत ती फक्त ‘जुनी गाडी’ आहे. तिला व्हिंटेजची सवलत नाही आणि जुन्या गाडीचे सगळे खर्च आहेत.

भारतात बनलेल्या खऱ्याखुऱ्या स्पोर्ट्स कार तशा मोजक्याच. गोव्यात तयार होणारी, उघड्या टपाची दोन सीटची ‘सॅन स्टॉर्म’ १९९८ च्या सुमारास बाजारात आली. तिची बॉडी फायबरग्लासची आणि इंजिन रेनोचं, ११४९ सीसीचं. नंतर ‘डीसी अवंती’ आली. ती २०१२ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत पहिल्यांदा दिसली. याशिवाय हौशी लोक काँटेसा, प्रीमियर पद्मिनी किंवा परदेशातून आलेली एखादी जुनी रोडस्टर शोधत असतात.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. त्यांचे सुटे भाग सहज मिळत नाहीत. कल्याणजवळच्या कारखान्यात नव्वदच्या दशकात बनलेल्या प्युजो ३०९ च्या मालकांनी हे अनुभवलं आहे. कंपनी बंद पडली की गाडी एका अर्थानं पोरकी होते.

मीटरचा आकडा खरा की खोटा, हे कसं कळणार?

जुन्या गाडीचं मीटर केबलवर चालतं. केबल काढून ठेवली की गाडी धावत राहते आणि आकडा जागीच थांबतो. त्यासाठी कोणतंही खास तंत्र लागत नाही, पाना पुरतो. शिवाय अनेक जुन्या मीटरवर पाचच आकडे असतात. ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य. त्यामुळे मीटरवरचे २३ हजार हे प्रत्यक्षात १ लाख २३ हजारही असू शकतात आणि त्यात कुणी काही फिरवलेलंही नसतं.

म्हणून मीटरवर विसंबून न राहता बाकीचे साक्षीदार तपासायचे.

पहिला साक्षीदार गाडीचा आतला भाग. क्लचच्या पॅडलवरचं रबर गुळगुळीत झालंय का? ड्रायव्हर सीटची दाराकडची कड दबलीय का? गिअरच्या नॉबवरचे आकडे पुसलेत का? २३ हजारांत एवढी झीज होत नाही. आणि जुन्या गाडीत पॅडलचं रबर, सीट कव्हर आणि स्टिअरिंगचं कव्हर तिन्ही एकदम कोरी करकरीत असतील, तर ते बदलण्याची गरज का पडली, हे विचारायलाच हवं.

दुसरा साक्षीदार कागद. सर्व्हिस बुकात आणि गॅरेजच्या जुन्या बिलांवर बहुतेक वेळा किलोमीटर लिहिलेले असतात. तारखा आणि किलोमीटर एका वहीत ओळीनं मांडले की आकडा कुठे मागे गेला, ते लगेच दिसतं.

तिसरा साक्षीदार टोल. फेब्रुवारी २०२१ पासून टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा आहे. ‘गाडी गॅरेजबाहेर काढलीच नाही’ म्हणणाऱ्या मालकाला फास्टॅगचं स्टेटमेंट मागायचं. ई-चलानचा इतिहासही बरंच बोलतो. पीयूसीवर किलोमीटर नसतात, पण सलग काही वर्षं पीयूसीच काढलं नसेल, तर गाडी खरंच उभी होती असं मानायला थोडा आधार मिळतो.

थोड्या अलीकडच्या गाड्यांमध्ये इंजिन, एबीएस किंवा गिअरबॉक्सच्या संगणकात किलोमीटरची वेगळी नोंद राहू शकते. स्कॅनर असलेला मेकॅनिक ती काढू शकतो.

आकडा खरा असेल, तर गाडी चांगली असणारच ना?

इथेच बहुतेक जण फसतात. गाडी धावून झिजते, तशी उभी राहूनही खराब होते. फरक इतकाच की धावून झालेली झीज मीटरवर दिसते, उभं राहून झालेली दिसत नाही.

टायर पाहा. त्याच्या बाजूवर चार आकडी कोड असतो. ‘२३१६’ म्हणजे २०१६ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी भरपूर शिल्लक असेल, पण रबर कडक होऊन बारीक भेगा पडल्या असतील, तर तो टायर द्रुतगती मार्गावर नेण्याच्या लायकीचा नाही.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. कोकणपट्टीच्या चार महिन्यांच्या पावसात उभ्या गाडीच्या ब्रेकमध्ये आतून गंज धरतो, पिस्टन अडकतात. क्लचप्लेट चिकटून बसते. इंजिनाचे ऑइल सील सुकतात आणि गाडी महिनाभर चालवल्यावर गळायला लागतात. उंदीर वायरिंग कुरतडतात. स्पोर्ट्स कारच्या बाबतीत यातलं ब्रेकचं दुखणं सर्वांत धोक्याचं, कारण ती घेणारा माणूस ती हळू चालवायला घेत नाही.

आणि पेट्रोलचं काय?

सध्या पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं ई-२० पेट्रोल मिळतं. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या गाड्या या इंधनासाठी बनवलेल्या नव्हत्या. ऑगस्ट २०२५ मध्ये यावरून सोशल मीडियावर मोठा वाद झाला. तेव्हा केंद्र सरकारनं गंभीर नुकसानीचे दावे फेटाळले. मात्र काही जुन्या वाहनांत साधारण २० ते ३० हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावी लागू शकतात, असंही म्हटलं. हे काम स्वस्तातलं आहे, अशी सरकारची बाजू होती. ई-२० विरोधातली जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयानं १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली.

पण हा हिशेब किलोमीटरमध्ये आहे आणि उभी गाडी किलोमीटर मोजतच नाही. इथेनॉल ओल ओढून घेतं. टाकीत तेच पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहिलं, तर पाणी तळाशी बसू शकतं. मग पत्र्याची टाकी आतून गंजते, कार्बोरेटरमध्ये चिकट थर जमतो आणि जुने रबरी पाइप फुगतात किंवा तडकतात. गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकलं तर आग लागू शकते. म्हणून कमी धावलेली गाडी घेताना पेट्रोलचे सगळे पाइप बदलण्याचा खर्च आधीच किमतीत धरायचा.

उल्हास नदी यात कुठे येते?

या भागात उभ्या गाडीचा सर्वांत मोठा शत्रू पाणी आहे. २६ जुलै २००५ चा पूर इथल्या लोकांना आजही आठवतो. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजारहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. बदलापुरात उल्हास नदीची धोक्याची पातळी १७.५० मीटर आहे. ती ओलांडली की हेंद्रेपाडा, रमेशवाडी, वालिवलीसारख्या सखल भागांत पाणी शिरतं. अंबरनाथ आणि उल्हासनगरमधून वाहणारी वालधुनी तुंबली की तिच्या काठच्या वस्त्यांचीही तीच गत होते.

अशा वेळी माणसं वरच्या मजल्यावर जातात. गाडी मात्र खालीच राहते. रोज वापरात असलेली गाडी निदान कुणीतरी उंचावर नेऊन लावतं. कव्हर घातलेली, बॅटरी उतरलेली गाडी जागची हलतच नाही. म्हणजे कमी धावलेल्या गाडीलाच पुराचा धोका जास्त. आणि पुरात बुडून बाहेर काढलेल्या गाडीच्या मीटरवर एक किलोमीटरही वाढत नाही.

बुडालेली गाडी ओळखायची कशी?

धुऊन, पॉलिश करून, नवीन मॅट घालून आणलेली गाडी वरून ओळखू येत नाही. त्यासाठी लपलेल्या जागा पाहाव्या लागतात.

• सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. आत गुंडाळलेल्या भागावर मातीची रेघ किंवा डाग असेल, तर पाणी तिथवर आलं होतं.

• सीटखालचे बोल्ट आणि रुळ पाहा. छताखालच्या, कोरड्या जागेतल्या लोखंडाला एवढा गंज का लागावा?

• स्टेपनीची खाच, डॅशबोर्डच्या खालची बाजू आणि वायरिंगचे जोड तपासा. पुराचा गाळ कोपऱ्यात वाळून बसतो.

• मॅट उचलून खालच्या फेल्टला हात लावा, वास घ्या. अत्तराचा वास जरा जास्तच येत असेल तर अधिक सावध व्हा.

• हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ किंवा धुकं आहे का, ते पाहा.

कागदावरही एक खूण असते. सर्वसमावेशक विमा असलेल्या गाडीला क्लेम केला नाही, तर ‘नो क्लेम बोनस’ मिळतो. तो २० टक्क्यांपासून वाढत ५० टक्क्यांपर्यंत जातो. क्लेम केला की शून्यावर येतो. त्यामुळे विक्रेत्याकडून २०१८ ते २०२२ या वर्षांच्या पॉलिसी मागायच्या. २०१९ किंवा २०२१ च्या पावसाळ्यानंतरच्या नूतनीकरणात बोनस एकदम गायब झाला असेल, तर कारण विचारायचं. विम्यात खंड पडला किंवा मालक बदलला तरीही बोनस जातो, त्यामुळे हा पुरावा नाही. पण विचारण्याजोगा प्रश्न नक्कीच आहे. फक्त थर्ड पार्टी विमा असेल, तर ही खूण मिळणार नाही.

गाडी पाहायला जाताना काय करायचं?

सकाळी जायचं आणि विक्रेत्याला आधीच सांगायचं की गाडी सुरू करून ठेवू नका. थंड इंजिन किती सेल्फमध्ये सुरू होतं, पहिल्या मिनिटात सायलेन्सरमधून कसला धूर येतो, यावरून बरंच कळतं. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल, तर पाणी आत जातंय. बॉनेटवर हात ठेवून पाहा. ते आधीच गरम असेल, तर गाडी तुमच्यासाठी ‘तयार’ केली आहे.

पत्र्याच्या गाडीवर साधा चुंबक फिरवला की लांबी कुठे भरली आहे ते समजतं, कारण तिथे तो धरत नाही. सॅन स्टॉर्मसारख्या फायबरच्या गाडीवर हा उपाय चालत नाही. फायबर गंजत नाही, पण त्याच्या खालचा लोखंडी सांगाडा गंजतो. वरून चकचकीत आणि खालून पोखरलेली, अशी गाडी हमखास सापडते. त्यामुळे गाडी लिफ्टवर किंवा खड्ड्यावर चढवून खालून पाहिल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. कॉम्प्रेशन टेस्ट, ब्रेकची चाके उघडून तपासणी आणि निदान अर्ध्या तासाची चाचणी फेरी, एवढं झालंच पाहिजे. मेकॅनिक आपण न्यायचा, विक्रेत्यानं सुचवलेला नाही.

कागद बरोबर आहेत, हे कसं ठरवायचं?

आरसीवरचा इंजिन आणि चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः जुळवून पाहायचा. महागड्या, दुर्मिळ गाडीत हे अधिकच गरजेचं आहे. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी ‘डीसी अवंती’च्या निर्मात्याला अटक केली होती. एकाच इंजिन आणि चासी नंबरवर एकापेक्षा अधिक नोंदण्या आणि कर्जं झाल्याचा आरोप त्या प्रकरणात होता. तो आरोप आहे, दोषसिद्धी नव्हे. पण एका नंबराच्या दोन गाड्या असू शकतात, ही शंका पोलिसांनाही आली, एवढं खरेदीदाराला सावध करायला पुरेसं आहे.

गाडीवर कर्जाचा बोजा असेल, तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हवा. मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. दुसऱ्या आरटीओच्या किंवा राज्याच्या हद्दीतली गाडी असेल, तर फॉर्म २८, म्हणजे एनओसी. या तिन्ही शहरांचं काम कल्याणच्या आरटीओत, म्हणजे एमएच-०५ मध्ये चालतं.

‘सह्या केलेले टीटीओ फॉर्म देतो, नावावर नंतर करा’ असं एजंट सांगतो. हे दोघांनाही महागात पडू शकतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव, तोच मालक. त्या खटल्यातली गाडी पुढे अनेक हातांत गेली होती, तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी मूळ नोंदणीकृत मालकावरच आली. म्हणून विकणाऱ्यानंही नाव बदलल्याशिवाय स्वस्थ बसू नये.

किमतीत आणखी काय धरायचं?

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. ऑगस्ट २०२५ च्या नियमांनुसार २० वर्षांपेक्षा जुन्या कारच्या नूतनीकरणाचं शुल्क १० हजार रुपये आहे. परदेशातून आयात केलेल्या कारसाठी ते थेट ८० हजार रुपये आहे. पर्यावरण कर वेगळा. म्हणजे ‘तीन लाखांत इम्पोर्टेड रोडस्टर’ घेणाऱ्याचे ८० हजार पहिल्या नूतनीकरणातच जाऊ शकतात. नोंदणीची मुदत केव्हा संपते, हे पाहून मगच भाव करायचा.

फसवणूक झालीच, तर दाद कुठे मागायची?

मीटर मागे फिरवणं हा आपल्या मोटार वाहन कायद्यात वेगळा, स्वतंत्र गुन्हा नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार करता येते. गाडी व्यवसाय म्हणून विकणाऱ्याकडून घेतली असेल, तर ग्राहक आयोगाकडे जाता येतं. खासगी मालकाकडून घेतली, तर तो मार्ग जवळजवळ बंद होतो. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना अधिकृत प्रमाणपत्र घेणं आणि ताब्यातल्या गाडीच्या फेऱ्यांची नोंद ठेवणं बंधनकारक आहे. पण ती नोंद गाडी विक्रेत्याकडे आल्यानंतरची. आधीच्या वीस वर्षांचं काय?

बेल्जियमनं २००६ पासून यावर उपाय केला. तिथे गाडी गॅरेजमध्ये गेली की किलोमीटर एका मध्यवर्ती नोंदीत जातात आणि जुनी गाडी विकताना ‘कार-पास’ नावाचा दाखला द्यावाच लागतो. आपल्याकडे वाहन पोर्टल आहे, फास्टॅग आहे, विम्याच्या आणि पीयूसीच्या नोंदी ऑनलाइन आहेत. दर पीयूसीच्या वेळी मीटरचा आकडा नोंदवला, तरी निम्मा प्रश्न सुटेल. तोवर ही जोडाजोड खरेदीदारालाच करावी लागणार आहे.

त्यामुळे ‘फक्त २३ हजार’ वाचल्यावर विक्रेत्याला पहिला प्रश्न किमतीचा विचारू नये. गाडी कुठे उभी होती, कोणत्या मजल्यावर, आणि २०१९ व २०२१ च्या जुलैमध्ये ती कुठे होती, हे विचारावं. ज्याची गाडी खरंच जपलेली आहे, तो याचं उत्तर बिलांसकट देईल. जो टोकनची घाई करेल, त्याची गाडी कितीही सुंदर असली तरी परतीची लोकल पकडलेली बरी.